आमच्याच पोस्ट का उडतात?

‘ताई, नियम सगळ्यांना सारखे असं तुम्ही दर वेळी म्हणता. खालचे दोन स्क्रीनशॉट बघा आणि सांगा, माझी पोस्ट का उडवली आणि ही का ठेवली.’

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात, रात्री उशिरा हा मेसेज आला. पाठवणारा सदस्य जुना, तिखट लिहिणारा, माझ्या राजकीय मतांच्या अगदी विरुद्ध टोकाचा. मी समाजमाध्यमावरच्या एका मोठ्या समूहाची ॲडमिन आहे. एरवी तिथे पुस्तकं, इतिहास, चालू घडामोडी असं सगळं चालतं. निवडणूक जवळ आली की फक्त राजकारण. आम्ही पाच मॉडरेटर, सगळे नोकरी-घर सांभाळून हे करणारे. पक्षपाताच्या तक्रारी रोज यायच्या, दोन्हीकडून यायच्या, आणि माझं उत्तर ठरलेलं होतं: दोन्ही बाजू आमच्यावर चिडतात, म्हणजे आम्ही बरोबर मध्यावर आहोत.

त्या रात्रीही तेच टाइप केलं होतं. पाठवण्याआधी स्क्रीनशॉट उघडले आणि हात थांबला.

एका पोस्टमध्ये एका पक्षाच्या समर्थकांना ‘अंधभक्त’ म्हटलं होतं, दुसरीत दुसऱ्या पक्षाच्या समर्थकांना ‘चमचे’. बाकी मजकूर जवळपास एकाच साच्यातला. यातली कोणती उडाली आणि कोणती राहिली हे मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर माझा कल कळेल, आणि इथून पुढचं प्रत्येक वाक्य त्या कलाच्या चष्म्यातून वाचलं जाईल. नोंदवही उघडली. काढलेल्या पोस्टसमोर मीच लिहिलं होतं, ‘अपमानकारक भाषा’. दुसऱ्या पोस्टवर तिघांनी रिपोर्ट केला होता, तरी ती मी ठेवली होती. तिच्यासमोर एकच शब्द होता: ‘उपरोध’.

तो शब्द मला रात्रभर टोचत राहिला. उपरोध ओळखण्याची सवलत मी एकाला दिली होती आणि दुसऱ्याला दिली नव्हती. आणि हे दोन्ही निर्णय घेताना मला आपण काही चुकीचं करतोय असं क्षणभरही वाटलं नव्हतं.

सकाळी मॉडरेटरांच्या गटात मी दोन्ही स्क्रीनशॉट टाकले आणि आपले जुने निर्णय तपासायला हवेत असं लिहिलं. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ मॉडरेटर, ज्यांना सगळे काका म्हणतात आणि जे राजकारणात माझ्या बरोबर विरुद्ध बाजूला आहेत, त्यांनी एकच ओळ लिहिली: ‘मी हे तुला दोन वर्षांपासून सांगतोय.’ ते खरं होतं. त्यांनी सांगितलं की मी मनात म्हणायचे, काका त्यांच्या पक्षाची बाजू घेतायत.

तपासणी कशी करायची यावर बराच खल झाला. नुसतं ‘कोणाच्या किती पोस्ट काढल्या’ हे मोजून भागणार नव्हतं, कारण कोण किती आणि कसं लिहितं हे त्यात कळत नाही. आमच्यातला सर्वांत तरुण मॉडरेटर मानसशास्त्र शिकलेला आहे. त्याने सुचवलं की आधीच्या तीन महिन्यांतल्या, रिपोर्ट झालेल्या राजकीय पोस्ट घ्यायच्या, काढलेल्याही आणि ठेवलेल्याही. लिहिणाऱ्याचं नाव, फोटो, तारीख, आमचा जुना निर्णय सगळं झाकायचं. पक्षांच्या जागी ‘क’ आणि ‘ख’, नेत्यांच्या जागी ‘नेता १’, ‘नेता २’. मग मी आणि काकांनी वेगवेगळं बसून त्या पुन्हा तपासायच्या.

ऐकायला सोपं वाटलं. करताना कळलं की राजकीय मजकुरातून बाजू झाकणं फार अवघड आहे. ‘अंधभक्त’ हा शब्दच बाजू सांगतो. एखाद्या योजनेचं नाव, एखाद्या जुन्या घोटाळ्याचा उल्लेख, नेत्याला दिलेलं टोपणनाव, अगदी नमस्काराची पद्धतसुद्धा सांगते. त्यामुळे त्या तरुण मॉडरेटरला शिव्यांच्या जागी ‘समर्थकांसाठी हिणवणारा शब्द’ असं लिहावं लागलं. काही पोस्ट झाकल्या तर अर्थच उरत नव्हता, त्या बाजूला ठेवल्या. पूर्ण दोन शनिवार-रविवार त्याचे यात गेले. आमच्यापैकी सर्वांत कमी पक्षपाती ठरलेल्या माणसाच्या वाट्याला सर्वांत कंटाळवाणं काम आलं आणि त्याने ते कुरकूर न करता केलं, याबद्दल मला त्याचे आभार इथेच मानायचे आहेत.

निकाल एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बघितला. उघड धमक्या, बाईवरून किंवा जातीवरून शिवीगाळ, कुणाचा फोन नंबर जाहीर करणं, यात फरक नव्हता. जुने निर्णय आणि झाकून घेतलेले निर्णय जुळले, माझे आणि काकांचेही एकमेकांशी जुळले. मला थोडं हायसं वाटलं. मग मधला भाग आला. टिंगल, अतिशयोक्ती, शंका, पुरावा न देता केलेले आरोप. इथे माझे जुने निर्णय आणि नवे निर्णय फाटत होते, आणि फाटत होते ते एकाच दिशेने.

मी माझ्या बाजूच्या लोकांना मोकळं रान दिलं होतं असं मात्र नव्हतं. त्यांच्याही पोस्ट मी काढल्या होत्या. पण काढण्याआधी मी स्वतःला विचारत होते, ‘याला म्हणायचं काय असेल?’ समोरच्या बाजूची पोस्ट असली की मी फक्त शब्द वाचत होते. ‘याला संदर्भ द्या, नाहीतर पोस्ट काढली जाईल’ ही माझी सूचना तर जवळजवळ नेहमी एकाच बाजूच्या पोस्टखाली होती. माझ्या बाजूचा तितकाच बिनबुडाचा आरोप मला ‘हे तर सगळ्यांना माहीत आहे’ असं वाटून सुटला होता. माझा पूर्वग्रह कुणाला शिक्षा दिली यात कमी आणि शंकेचा फायदा कुणाला दिला यात जास्त होता. म्हणूनच तो मला दिसला नव्हता. काढलेली पोस्ट डोळ्यांवर येते, तिच्यावर भांडण होतं. सोडून दिलेली पोस्ट पुन्हा कोण बघतं?

काकांचा तक्ता उघडला तेव्हा तेच चित्र उलट्या दिशेने दिसलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे मी तुला बोलत होतो ते बरोबर होतं, पण मलाही कुणीतरी बोलायला हवं होतं.’

तेव्हा त्या तरुण मॉडरेटरने आम्हाला १९५१ सालचा एक सामना सांगितला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांमधला अमेरिकन फुटबॉलचा सामना, फार धसमुसळा झालेला. आल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी त्याचं चित्रीकरण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. फिल्म एकच. पण डार्टमथच्या संघाचे जेवढे नियमभंग डार्टमथच्या मुलांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. कुणीही खोटं बोलत नव्हतं. ही मोजणी १९५४ साली प्रसिद्ध झाली.

माझ्या ठरलेल्या उत्तराचाही त्याने तिथेच निकाल लावला. १९८५ साली रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी लेबनॉनच्या बैरूतमधल्या १९८२च्या हत्याकांडाच्या टीव्हीवरच्या बातम्या इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. त्याच बातम्या दोन्ही गटांना आपल्या विरोधात झुकलेल्या वाटल्या. म्हणजे ज्याला ठाम मत आहे त्याला रेफरी नेहमी विरोधातलाच वाटणार. मग दोन्ही बाजू माझ्यावर चिडतात यातून मी मध्यावर आहे हे सिद्ध होत नाही, आणि नाही हेही सिद्ध होत नाही. इतकी वर्षं मी जो पुरावा म्हणून दाखवत होते, तो पुरावाच नव्हता.

यानंतरचा वाद सर्वांत कडू झाला. एका मॉडरेटरचं म्हणणं, यापुढे दोन्ही बाजूंच्या सारख्याच पोस्ट निघाल्या पाहिजेत. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. २०२४ साली ‘नेचर’मध्ये एक अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या २०२० च्या निवडणुकीच्या काळातली ट्विटरची ९,००० खाती त्यात तपासली होती. ट्रम्प यांच्या बाजूचा हॅशटॅग वापरणाऱ्यांची खाती बायडन यांच्या बाजूच्यांपेक्षा बरीच जास्त बंद झाली होती. पण खालच्या दर्जाच्या बातम्यांचे दुवेही त्या गटाने जास्त पसरवले होते, आणि दर्जा ठरवायला दोन्ही पक्षांची सामान्य माणसं समसमान घेतली तरी हा फरक राहिला. म्हणजे शिक्षा असमान दिसली म्हणून नियम पक्षपाती होता असं लगेच म्हणता येत नाही. काकांनी लगेच सांगितलं, हे एका देशाचं, एका निवडणुकीचं आहे, सगळीकडे तीच बाजू दोषी असं यातून निघत नाही. त्यांचं बरोबर होतं. आम्ही एवढ्यावर आलो की आकडे समान करायचे नाहीत. एकच पोस्ट, फक्त पक्षाचं नाव बदललं, तर निर्णय बदलतो का, हे तपासायचं.

मग नियमावली हातात घेतली. आमचा चौथा नियम होता, ‘कोणाच्या भावना दुखावतील असे लिहू नये.’ सगळ्यांना आवडणारा, सभ्य वाटणारा नियम. माझ्या पक्षपाती निर्णयांपैकी सर्वांत जास्त याच नियमाखाली घेतलेले निघाले. कारण भावना कुणाच्या? ज्यांच्या मला कळतात त्यांच्या. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने १९७६ मध्ये हँडीसाइड या प्रकाशकाच्या खटल्यात म्हटलं होतं की अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे फक्त गोड वाटणाऱ्या विचारांसाठी नसतं, दुखावणाऱ्या, धक्का देणाऱ्या, अस्वस्थ करणाऱ्या विचारांसाठीही असतं. (त्या खटल्यात प्रकाशक हरला, हे खरं. पण ते वाक्य टिकलं.) आमचा समूह म्हणजे सरकार नव्हे, आम्ही कुणाला तुरुंगात टाकत नाही, आम्हाला आमचे नियम ठेवायचा अधिकार आहे. तरी जिथे हजारो माणसं राजकारण बोलायला येतात तिथे ‘भावना’ हा नियम म्हणजे ॲडमिनच्या मर्जीला दिलेलं सभ्य नाव, असं मला वाटू लागलं. तो नियम काढला. एका मॉडरेटर बाईंना ते अजिबात मान्य नव्हतं आणि त्यांनी काम सोडलं. त्यांची भीती अशी, की आता घाण वाढेल. थोडी वाढली, हे मी लपवत नाही.

त्या नियमाच्या जागी आलं ते असं: पक्षावर, नेत्यावर, समर्थकांच्या घोळक्यावर कितीही तिखट लिहा. समूहातल्या एखाद्या सदस्याला नाव घेऊन हिणवलं, तर पोस्ट निघेल. या नियमाने ‘अंधभक्त’ही राहतं आणि ‘चमचे’ही.

‘बेमुदत ब्लॉक’ही आम्ही बंद केलं. फेसबुकच्या निर्णयांचा फेरविचार करणाऱ्या ओव्हरसाइट बोर्डाने मे २०२१ मध्ये ट्रम्प यांचं खातं थांबवणं योग्य ठरवलं होतं, पण बेमुदत थांबवणं नाही, कारण तशी शिक्षा कंपनीच्या नियमांत लिहिलेलीच नव्हती. आमच्याही नियमांत नव्हती, आणि मी ती वापरत होते. आता मुदत लिहावी लागते. काढलेल्या प्रत्येक पोस्टचं कारण सदस्याला लेखी जातं, कोणता नियम आणि कोणतं वाक्य हे सांगून. दाद मागितली तर निर्णय दुसरा मॉडरेटर घेतो, आणि राजकीय पोस्ट असेल तर तो विरुद्ध कलाचा असावा लागतो. यातलं काही आम्ही शोधून काढलेलं नाही. आकडे जाहीर करा, सूचना द्या, दाद मागू द्या, हे २०१८ सालच्या सांता क्लारा तत्त्वांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मोठ्या कंपन्यांसाठी ते लिहिलं गेलं, आणि ‘आपला तर छोटा समूह’ म्हणून मी कधी वाचलं नव्हतं.

त्या सदस्याची पोस्ट मी परत आणली. त्याला सविस्तर लिहिलं, माझं चुकलं हे लिहिलं, आणि समूहावरही तपासणीची सगळी हकिगत टाकली. त्यावर जे व्हायचं ते झालं, काही जण निघून गेले, काहींनी ‘अखेर कबूल केलंत’ म्हणून स्क्रीनशॉट फिरवले. त्या सदस्याचं उत्तर तीन दिवसांनी आलं: ‘धन्यवाद ताई. पण मतदान होऊन गेलं. ती पोस्ट आता कोण वाचणार?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोस्ट परत आली, तिची वेळ परत आली नाही. तेव्हापासून निवडणुकीच्या काळात दाद मागणाऱ्याला २४ तासांच्या आत निर्णय मिळतो. त्यासाठी आम्हाला आणखी तीन मॉडरेटर घ्यावे लागले.

परवा एका सदस्याने समूहातल्याच एकाचं नाव घेऊन त्याला विकला गेलेला म्हटलं. लिहिणारा माझ्या बाजूचा, फार चांगलं लिहितो, आणि त्याचा राग मला अगदी आतून समजत होता. ‘याला म्हणायचं काय असेल’ हा प्रश्न मनात आलाच. मी पक्षाचं नाव बदलून ती पोस्ट पुन्हा वाचली, मग काढली आणि कारण लिहून पाठवलं. त्याने दाद मागितली आहे. प्रकरण काकांकडे गेलंय, आणि त्यांचा निर्णय होईपर्यंत मी ते उघडून बघायचं नाही असं ठरलंय.