आकाश नागपूरवरून, वाट मात्र दिल्लीवरून: महासाथीतला विमानप्रवास

भारताने 22 मार्च 2020 पासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानांना बंदी केली आणि 25 मार्चपासून देशांतर्गत उड्डाणेही थांबली, तेव्हा जर्मनीतील फ्रँकफर्ट परिसरात राहणाऱ्या आम्हा नागपूरकरांपुढचा प्रश्न दिल्ली-मुंबईच्या मंडळींपेक्षा अधिक अवघड होता. त्यांच्या गावाला इथून थेट विमान जात असे, त्यामुळे ते पुन्हा सुरू झाले की ते घरी पोहोचणार होते. आपल्याला मात्र दोन विमाने, दोन विमानतळ आणि केंद्र व राज्य अशा दोन सरकारांचे नियम एकाच वेळी जुळून यावे लागणार होते. महासाथीत विमानप्रवास खऱ्या अर्थाने कठीण झाला तो या जोडाच्या ठिकाणी, आणि तो अनुभव नागपूरच्या वाचकांसाठी नीट लिहून ठेवावा असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

नागपूरची गोष्ट मुळातच विलक्षण आहे. देशाच्या मध्यावर असल्यामुळे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे कितीतरी हवाई मार्ग आपल्या डोक्यावरून जातात. युरोप किंवा आखातातून पूर्वेकडे निघालेली अनेक विमाने सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, नियंत्रण कक्षाशी बोलून पुढे सरकतात. एके काळी तर नागपूर हाच जोड होता. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. त्याच गावाच्या माणसाला आज युरोपातून घरी यायचे तर दिल्ली, मुंबई किंवा दोहा अशा दुसऱ्या गावाचा आधार घ्यावा लागतो. एरवी ही केवळ गैरसोय असते. 2020 मध्ये ती मोठी अडचण ठरली.

इथे फ्रँकफर्टला काय घडत होते तेही सांगायला हवे. 2019 मध्ये या विमानतळावरून 7 कोटींहून अधिक प्रवाशांनी ये-जा केली होती. 2020 मध्ये ती संख्या 1 कोटी 88 लाखांवर आली. वायव्येकडची धावपट्टी मार्चअखेरीस बंद करण्यात आली आणि उड्डाणाविना उभ्या राहिलेल्या विमानांसाठी तिचाच वाहनतळ करण्यात आला. दुसरे टर्मिनल एप्रिलमध्ये बंद झाले ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उघडले नाही. विमान नुसते उभे करून ठेवता येत नाही, हेही तेव्हा समजले. इंजिनांची तोंडे आणि वेग मोजणाऱ्या नळ्या झाकाव्या लागतात, कारण त्यांत किडे घरटी करतात. एकाच जागी भार पडून टायर बिघडू नयेत म्हणून चाके अधूनमधून फिरवावी लागतात. आणि वैमानिकांनाही नव्वद दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे झाली नाहीत, तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. वाहतूक एका आदेशाने थांबते, पण ती पुन्हा सुरू करणे हे अनेक महिन्यांचे काम असते.

मे 2020 मध्ये परदेशात अडकलेल्या भारतीयांना विमानाने परत आणण्यासाठी वंदे भारत मोहीम सुरू झाली आणि जुलैपासून निवडक देशांशी ‘एअर बबल’ करार, म्हणजे दोन देशांनी आपसांत मर्यादित विमाने चालवण्याचे करार, झाले. जर्मनीही त्यांत होता. परंतु सप्टेंबरअखेरीस दोन्ही बाजूंचे मतभेद होऊन ही सेवा काही आठवडे थांबली, त्यामुळे दिवाळीला जाण्याचे ठरवलेल्या अनेक कुटुंबांची तिकिटे रद्द झाली. बाबांची शस्त्रक्रिया ठरल्यामुळे मी डिसेंबरच्या आरंभी निघालो.

त्या प्रवासातील सर्वांत कठीण गोष्ट होती वेळेचा हिशोब. परदेशातून येणाऱ्याला संस्थात्मक विलगीकरण टाळायचे असेल, तर केंद्राच्या नियमाप्रमाणे प्रवास सुरू होण्यापूर्वीच्या 72 तासांत केलेल्या आरटी-पीसीआर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल एअर सुविधा या संकेतस्थळावर भरावा लागे. त्याच सुमारास, म्हणजे 25 नोव्हेंबर 2020 पासून, महाराष्ट्राने दिल्ली परिसरातून विमानाने येणाऱ्यांसाठी वेगळा नियम केला होता, आणि त्यात 72 तासांची मोजणी महाराष्ट्रातील विमानतळावर उतरण्याच्या वेळेपासून मागे केली जात होती. आकडा तोच, परंतु दोन घड्याळे वेगळी. स्वॅब दिल्यानंतर अहवाल हाती यायला एक दिवस, विमानतळावर काही तास आधी पोहोचणे, दिल्लीपर्यंतचे साडेसात तास, तिथे सामान ताब्यात घेऊन सीमाशुल्कातून बाहेर पडणे, पुन्हा देशांतर्गत विमानासाठी सामान देणे आणि नागपूरच्या विमानाची वाट पाहणे, हे सगळे बेरजेत धरल्यावर हाती फारच थोडी सवड उरते. म्हणून चाचणी शक्य तितकी उशिरा करावी लागे. पण ती उशिरा केली आणि अहवाल लांबला, तर पहिलेच विमान चुकण्याची भीती. अहवाल नसेल तर महाराष्ट्रात उतरल्यावर विमानतळावर स्वखर्चाने चाचणी करून घेण्याची सोय होती, हे खरे. परंतु ज्यांच्या घरी आजारी किंवा वृद्ध माणूस आहे, त्यांना तो निर्णय परदेशातून निघतानाच घ्यावा लागत होता, आणि त्यासाठी दोन सरकारांची परिपत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागत होती. केंद्र आणि राज्य यांनी दोहोंसाठी मोजणीचा एकच क्षण ठरवला असता, तर कोणाच्याही आरोग्याला धक्का न लागता हजारो प्रवाशांचा ताण हलका झाला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नियम बदलण्याचा वेगही तसाच. मी परतल्यानंतर लवकरच, 22 डिसेंबरपासून, ब्रिटनमध्ये आढळलेल्या कोरोना विषाणूच्या नव्या प्रकारामुळे महाराष्ट्राने युरोप आणि मध्यपूर्वेतून येणाऱ्यांना 14 दिवसांचे संस्थात्मक विलगीकरण बंधनकारक केले. निर्णयामागची काळजी मला पटत होती. तरी ज्यांनी तिकीट आधीच काढले होते, त्यांना पोहोचण्याचे गाव बदलावे की प्रवासच रद्द करावा हे दोन-तीन दिवसांत ठरवावे लागले.

आई-बाबांना सर्वांत जास्त भीती होती ती विमानातल्या बंद हवेची, आणि नागपुरात अनेकांनी मला तेच विचारले. वस्तुतः मोठ्या प्रवासी विमानात केबिनमधील हवा तासाला साधारण वीस ते तीस वेळा बदलली जाते. त्यातली जवळपास निम्मी बाहेरून येते आणि उरलेली अतिशय सूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळण्यांतून जाऊन परत येते. हवेचा झोत वरून खाली असतो, पुढून मागे नाही. याचा अर्थ धोका मुळीच नव्हता असा नाही, कारण शेजारचा प्रवासी खोकला तर गाळणीचा उपयोग व्हायला वेळ लागतो. म्हणूनच मास्क आवश्यक होता. परंतु चाचणीची रांग, कागद तपासण्याची रांग, विमानापर्यंत नेणारी बस आणि उतरताना एकाच वेळी उठून उभे राहणारे प्रवासी, या जागी अंतर राखणे खरोखर अवघड होते. काळजी घ्यायची तर ती जमिनीवर अधिक घ्यायला हवी होती.

प्रवासी विमाने थांबली तेव्हा मालवाहतुकीवरही परिणाम झाला, कारण जगातील हवाई मालापैकी जवळपास निम्मा माल प्रवासी विमानांच्या पोटातून जात असे. काही कंपन्यांनी आसने काढून तिथे मास्क आणि औषधांची खोकी लादली. 2021 मध्ये फ्रँकफर्टला प्रवासी 2019 च्या जेमतेम एक तृतीयांश होते, तरी मालाचा आकडा सुमारे 23 लाख टनांवर, म्हणजे विक्रमी पातळीवर गेला.

आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, नागपूरला प्राणवायू हवा होता. 23 एप्रिल 2021 रोजी विशाखापट्टणमहून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस नागपूरला पोहोचली. तीन टँकर तिथे उतरवले आणि उरलेले नाशिककडे गेले. रिकामे टँकर मात्र हवाई दलाच्या मोठ्या विमानांतून प्रकल्पांच्या शहरांकडे नेले जात होते. भरलेला टँकर विमानात चढवत नाहीत, कारण द्रवरूप प्राणवायू सतत वायुरूप होत असतो आणि बंद जागेत आगीचा धोका वाढतो. म्हणून जाताना विमान आणि येताना रेल्वे किंवा रस्ता, अशी व्यवस्था झाली. एका बाजूचा वेळ वाचला तरी रुग्णालयांना ते तास फार मोलाचे होते. इथे बसून घरच्यांशी फोनवर बोलताना आम्ही त्या टँकरांच्या बातम्या जितक्या काळजीने ऐकल्या, तितक्या क्वचितच दुसऱ्या कशाच्या ऐकल्या असतील.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मस्कतहून ढाक्याला निघालेल्या विमानाच्या वैमानिकाला रायपूरजवळ आकाशात हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा सहवैमानिकाने ते सोनेगावला सुखरूप उतरवले. प्रवासी वाचले, वैमानिकाचा मात्र नंतर नागपुरातच मृत्यू झाला. डोक्यावरून जाणाऱ्या विमानांसाठी नागपूर किती महत्त्वाचे आहे, हे अशा वेळी कळते.

नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे 27 मार्च 2022 पासून पुन्हा सुरू झाली आणि त्या उन्हाळ्यात अगदी उलट संकट आले. प्रवासी परतले, पण सामान चढवणारे, सुरक्षा तपासणारे आणि चाकाच्या खुर्च्या ढकलणारे कर्मचारी परतले नव्हते. अनेकांनी दोन वर्षांत दुसरे काम धरले होते, आणि नव्या माणसाची पार्श्वभूमी तपासायलाच कित्येक आठवडे लागत. जुलैमध्ये फ्रँकफर्टला तासाला होणारी उड्डाणे आणि अवतरणे 96 वरून 88 वर आणावी लागली. आई-बाबा त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे आले. त्यांच्या कागदपत्रांत काहीही अडले नाही, परंतु बाबांसाठी सांगून ठेवलेली चाकाची खुर्ची यायला इतका वेळ लागला, की शेवटी एका सहप्रवाशाने स्वतःहून त्यांना हात देऊन बाहेर आणले. नागपूरहून वृद्ध आई-वडिलांना पाठवणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे, की दोन विमानांच्या मध्ये किमान चार तासांचा अवकाश असलेले तिकीट काढावे, खुर्चीची मागणी दोन्ही विमानांसाठी स्वतंत्रपणे नोंदवावी आणि औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत.