मस्टँगला सुपरचार्जर: फिटिंग सांगलीत करा, ट्यूनिंग अजिबात नको

सरळ सांगतो. साताऱ्यात हे काम होत नाही, विचारत फिरू नका. सांगलीत सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंप) बसवून मिळतो आणि चांगला बसवून मिळतो. पण ट्यूनिंग, म्हणजे लॅपटॉप लावून इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं इंधन आणि ठिणगीचं गणित बदलणं, सांगलीत करायचं नाही, समोरचा कितीही छातीठोकपणे सांगू दे. त्यासाठी गाडी पुण्याला न्यायची, आणि तीही चालवत नाही, फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवून. एवढं मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरेच पैसे वाचले असते.

गाडी 2017ची मस्टँग जीटी, पाच लिटरचा व्ही-8, सेकंडहँड घेतलेली. ड्रॅग शर्यतीसाठीच (सरळ पट्ट्यावरची कमी अंतराची शर्यत) ठेवायची हे आधीपासून ठरलेलं. सुपरचार्जरचं किट अमेरिकेतून मागवलं, सेंट्रिफ्युगल, म्हणजे बेल्टवर फिरणाऱ्या पंख्यानं हवा दाबणारं. इंजिनच्या डोक्यावर बसणारा ट्विन-स्क्रू (दोन स्क्रूंनी हवा दाबणारा) खालच्या आरपीएमपासून (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्या) जोर देतो हे मान्य, पण त्याला मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) काढा, इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाण्याचा वेगळा पंप लावा, बॉनेटखाली उंची बसते का बघा, अशी कामं वाढत जातात. सेंट्रिफ्युगल पुढच्या बाजूला ब्रॅकेटवर बसतो. आपल्या भागात हाच घ्या. घेताना स्वतःचं तेल स्वतःत असलेलं युनिट घ्या. इंजिनचं तेल लागणाऱ्या युनिटसाठी सम्पला (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला) भोक पाडून आटे पाडावे लागतात आणि त्याचा कीस आत पडला तर इंजिन गेलं म्हणून समजा. आपली गाडी राइट हँड आहे, तेव्हा पाइप कुठून जाणार हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

सातारा-सांगली रस्त्याबद्दल थोडक्यात. शेंद्र्यापासून पुढे महामार्गाचं सहापदरीकरण चालू असल्यानं सर्व्हिस रोडवर उतरवतात. कराड-मलकापूरला सगळ्यात वाईट, गाडी दोनदा पोटावर घासली. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळल्यावर इस्लामपूर, आष्टा करत जाताना गावागावांत स्पीडब्रेकर. एकेक चाक चढवत तिरकी घ्या. सकाळी सहाच्या आत साताऱ्यातून निघा.

आता मुख्य मुद्दा. मिरज रस्त्याकडचं एक गॅरेज. फोनवर गॅरेजवाले म्हणाले होते, "किट घेऊन या साहेब. बसवून, ट्यून करून, डायनोवर आकडा काढून देतो." डायनो म्हणजे गाडीची चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायचं मशीन. तिथं रोलर नव्हता, रोलरसाठी खड्डाही नव्हता. विचारलं तर म्हणे, "रस्त्यावरचा डायनो हाय की आमचा." म्हणजे रात्री अकराला बायपासवर गाडी पळवायची आणि मोबाइलमधल्या ॲपनं आकडा काढायचा. मी बसलोय शेजारी, ते पळवतायत, समोरून उसाची ट्रॉली, तिला मागं लाल दिवासुद्धा नाही! हा प्रकार किट बसवायच्या आधीचा, "बेस आकडा" म्हणून. त्या बेस आकड्याचा ग्राफ मागितला तर व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट आला.

सकाळी बिल हातात. "डायनो टेस्टिंग 18,000. बंपर खोलणे व तपासणी 5,000." बंपर मी स्वतः खोलला होता, त्यांच्या पोरानं फक्त क्लिपा डब्यात ठेवल्या. भरल्याशिवाय गाडी बाहेर काढू देईनात. पावती मागितली तर कोऱ्या कागदावर शिक्का. 23,000 रुपये! तेवढ्यात पुण्यात खऱ्या रोलरवर काम होऊन वर पैसे उरतात, हे मला नंतर प्रत्यक्ष कळलं.

पैशापेक्षाही भयंकर गोष्ट पेट्रोलची. किटच्या कागदावर किमान 91 ऑक्टेन लिहिलंय. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली पेट्रोल आपोआप पेटायला किती विरोध करतं त्याचा आकडा. ते बघून गॅरेजवाले म्हणाले, "मग आपलं साधं चालतंय की, ते बी 91च असतंय." हे ऐकून मी किट उचललं. अमेरिकेत पंपावरचा आकडा रिसर्च ऑक्टेन आणि मोटर ऑक्टेन यांची सरासरी असते. आपल्याकडे नुसता रिसर्च ऑक्टेन सांगतात. त्यांचं 91 म्हणजे आपलं साधारण 95-96. या इंजिनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) मुळातच 11:1, त्यावर बूस्ट (सुपरचार्जरच्या हवेचा दाब), त्यात सांगलीचा एप्रिल-मे. कमी ऑक्टेनवर नॉकिंग (पेट्रोल अवेळी आपोआप पेटणं) सुरू झालं की पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो, दुसरी संधी मिळत नाही. आता ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आलंय, त्यात इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं हे खरं. पण इथेनॉलला इंधन जास्त सोडावं लागतं, म्हणजे परदेशातून आलेली ट्यून फाइल जशीच्या तशी टाकून भागत नाही. जो मिस्त्री तुम्हाला "कुठलं पेट्रोल टाकता?" हे आधी विचारत नाही, त्याच्या हातात लॅपटॉप देऊ नका.

फिटिंग शेवटी कुपवाड एमआयडीसीजवळच्या एका लेथवाल्या मामांकडे झालं. त्यांनी आयुष्यात सुपरचार्जर पाहिला नव्हता, तसं पहिल्याच वाक्यात सांगितलं. पण पुली आणि बेल्ट यांत त्यांची हयात गेलेली. ब्रॅकेट बसवल्यावर क्रँकच्या पुलीवर सरळ पट्टी धरली, दुसऱ्या टोकाला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला आणि म्हणाले, "पाऊण मिलिमीटर भायेर हाय. हज्जार वाढलं की बेल्ट उडंल." ब्रॅकेट उतरवलं, लेथवर स्पेसर उतरवला, परत बसवलं, परत मोजलं. तीन वेळा. पट्टी सपाट टेकली तेव्हा कुठं चहा मागवला. तेवढ्या कामाचे त्यांनी जे सांगितले त्यापेक्षा मी जास्त दिले आणि अजूनही कमीच दिले असं वाटतं. असा हात मी पुण्यातही पाहिला नाही.

बसवायच्या आधी आठही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. एखाद्यात फरक दिसला तर किट गुंडाळून ठेवा आणि आधी इंजिन करा. स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे), गॅप कमी. या इंजिनात ऑइल पंपाचे मूळ गिअर बूस्टला कच्चे पडतात. मजबूत गिअर त्याच वेळी घाला, नंतर परत सगळं पुढचं खोलावं लागेल. हे काम मामांनी मॅन्युअल समोर ठेवून केलं, प्रत्येक बोल्टचा टॉर्क मला वाचायला लावून.

पुण्यात सगळं वेळेवर झालं, लिहिण्यासारखं काही नाही. एक्सपी-100 (इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेनचं पेट्रोल) तिथं मिळतं, तेच भरून ट्यून केलं. रोलरवर शेवटच्या रनला चाकांवर साडेपाचशेच्या वर हॉर्सपॉवर आली तेव्हा मी खरोखर ओरडलो, शेजारच्या गाडीचा मालक धावत आला. जमत असेल तर हे काम कराच. सगळा मनस्ताप त्या एका आवाजात वसूल झाला.

कायदा नीट समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी अशी बदलता येत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडतो. माझी गाडी आता फ्लॅटबेडवरूनच बाहेर पडते. रस्त्यावर मिरवायला हवी असेल तर हा खर्च करू नका, स्पष्ट सांगतो.

फ्लॅटबेडचं भाडं जाताना ठरवा, पोचल्यावर नाही. ड्रायव्हरला आधीच सांगा की गाडीचं पोट खाली आहे, चढवताना लाकडी फळ्या लागतील. फळ्या आपल्या आपण न्या.

आणि कुपवाडला जायचं तर साखर कारखान्यांचा हंगाम बंद झाल्यावर जा. दसऱ्यापासून गळीत हंगाम संपेपर्यंत लेथवाल्यांकडे ट्रॉलीचे ॲक्सल आणि हबची रांग असते, तुमच्या ब्रॅकेटकडे बघायला कुणाला सवड नसते.