एकवीस

येळ्ळूरच्या माळावर दर रविवारी सकाळी सहाला वीस-पंचवीस पोरं जमतात. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. आठवडाभर गेज आणि व्हर्नियर घेऊन दुसऱ्यांनी केलेल्या पार्टातली चूक हुडकायची आणि रविवारी हातात स्टॉपवॉच. बायको याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते, आणि आमच्या बाबतीत ते शब्दशः खरंच आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच. कॅम्पातून बस जाताना परेड दिसते, गल्लीत एखादा सुट्टीवर आलेला फौजी असतोच. दहावी झालेलं पोरगं दुसऱ्या दिवशी पळायला लागतं, ते असं.

पळवणं हा कामाचा सोपा भाग. खरा वेळ जातो तो कागदांत. मराठी शाळेत शिकलेल्या पोराला नाडकचेरीतला कन्नड अर्ज समजावून सांगायचा, मार्क्स कार्डावर आणि आधारवर आडनावाचं स्पेलिंग एकच आहे का बघायचं. एका 'एच'पायी पोरं महिनाभर हेलपाटे घालतात.

2023 चा सप्टेंबर. त्या वर्षीपासून अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन लेखी आणि मग मैदान असा क्रम झाला होता. मैदानावर 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण 60 गुण, आणि दहा पुल-अप्सचे 40. आमच्यात एक पोरगा होता, सगळे त्याला हरण्या म्हणायचे. घोळक्यात पळतानाही तो सहज साडेपाचच्या आत यायचा. त्या रविवारी म्हटलं, याला एकट्याला सोडून खरा टाइम घेऊ.

माळावर 400 मीटरवर एक करवंदाची जाळी आहे. तिला लाल फडकं बांधलेलं. तिथून वळून परत यायचं, असे दोन हेलपाटे. पाऊस नुकताच उघडलेला, राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत सगळं हिरवंगार. हरण्या सुटला तो जाळीच्या पुढं गेला, पन्नास-साठ पावलं. थांबला, इकडंतिकडं बघितलं, वळला.

म्हटलं, लक्ष नव्हतं. पाच मिनिटं बसवून पुन्हा सोडला. या खेपेला तो जाळीच्या अलीकडंच वळला.

आता माझं डोकं फिरलं. सगळ्या पोरांसमोर मी त्याला बोललो. अंतर चोरतोस, भरतीत असं केलंस तर कॉलर धरून बाहेर काढतील, वगैरे. जे तोंडाला आलं ते. तो खाली बघून म्हणाला, "चोरी कशाला करू सर? फडकं कुठं हाय त्येच कळंना."

पोरं हसली. मीही जवळजवळ हसलोच. शंभर पावलांवरनं मला ते फडकं कुंकवासारखं दिसत होतं. त्याला दंडाला धरून जाळीपर्यंत नेलं. पंधरा पावलांवर आलो तरी तो फांद्यांवरून नजर फिरवतच होता. मग वारा आला, फडकं हललं, आणि तो म्हणाला, "हां, त्ये बघा."

हललं तेव्हा दिसलं. मी तिथंच थांबलो. आठ महिने हा पोरगा माझ्यासमोर पळत होता. घोळक्यात पुढचा वळला की हा वळायचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पकडण्याचा पगार घेणारा माणूस मी.

मंगळवारी हाफ डे टाकून त्याला बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रंगीत टिपक्यांचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावरचा 12 हा आकडा सगळ्यांनाच दिसतो, तो याने पटकन सांगितला. मला वाटलं, सुटलो. पुढं एका पानावर तो म्हणाला, "एकवीस." अगदी ठाम. मला त्या पानावर 74 दिसत होते. डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही सांगा." मी चौऱ्याहत्तर म्हटलं, तसा हरण्या माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी डॉक्टरांशी संगनमत करून आलोय. त्यानं पुस्तक जवळ ओढलं आणि बोटानं आकडा गिरवून दाखवला. दोन. एक. बोट बरोबर टिपक्यांवरून फिरत होतं.

लाल-हिरव्यातला फरक न कळणं, जन्मजात. औषध नाही. सैन्याच्या मेडिकलमध्ये हे पुस्तक असतंच, आणि सिग्नलचा लाल-हिरवा दिवाही ओळखायला लावतात. डॉक्टर म्हणाले, हा दोष आईकडून मुलाला येतो, आईला स्वतःला बहुधा काही होत नाही. "आजोळी कोणी आहे का असं?"

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. आई चुलीपुढं होती. ऐकून घेतलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पिकलेल्या मिरच्या तोडून आण म्हटलं की हिरव्या मिसळून आणायचा. आळशी म्हणून मी ह्याला मारलंय हो." आमच्या भागात संकेश्वरी मिरचीला मान आहे, तोडणीत असला घोळ कोण चालवून घेणार?

आजोळचं विचारलं. तिचा एकुलता भाऊ नंदगडला, शेती करतो. तोही वीसेक वर्षांपूर्वी भरतीला गेला होता. मैदान मारलं आणि मेडिकलला बाहेर पडला. घरी सांगितलं, छाती थोडक्यात कमी भरली. मग आजीनं किती दिवस त्याला दूध आणि अंडी घातली याची गोष्ट घरात अजून हसून सांगतात.

हरण्यानंच फोन लावला. "मामा, तुला टिपक्यांचं पुस्तक दाखवलेलं काय?"

पलीकडं गप्प. फोन स्पीकरवर होता, मागं म्हैस ओरडल्याचं ऐकू आलं. शेवटी मामा म्हणाला, "दाखवलेलं." आणि मग बहिणीला उद्देशून, "घरात काय सांगणार होतो गं? टिपकं दिसली नाहीत म्हणून परत आलो?"

पुढचे दोन रविवार हरण्या आला नाही. मीही मागं लागलो नाही. मधल्या दिवसांत माझ्यापरीनं चौकशी करून ठेवली. रेल्वेचं इंजीन नाही, वायरमनची लाईन नको. पण ड्रायव्हिंग लायसन्सची वाट मोकळी होती, सौम्य आणि मध्यम दोष असला तरी ते देण्याची सुधारणा 2020 मध्ये झाली आहे. मशीनवरच्या कामालाही अडचण नाही, हे मला माझ्या धंद्यावरून ठाऊक होतं. आज तो आयटीआयत मशिनिस्ट करतोय. ड्रॉइंग वाचायला कधीतरी माझ्याकडं येतो.

तिसऱ्या रविवारी मात्र तो माळावर सगळ्यांच्या आधी हजर होता. हातात खताच्या पोत्याची फाडलेली पांढरी पट्टी. जाळीपर्यंत चालत गेला, चाचपून लाल फडकं सोडलं, पट्टी बांधली आणि परत आला.

"आता दिसतंय," म्हणाला. "लावा घड्याळ."

"आता कशाला रे?" माझ्या तोंडून गेलंच.

"आठ म्हैने पळलोय. एकट्याचा टाइम राहिलाय माझा."

पाच चौदा. वहीत लिहिलाय.