रब्बी ज्वारीची शेतीशाळा : गावातल्या पोरापोरींचा गट कसा चालवावा

सोलापूर जिल्ह्यात शेतीचा सल्ला मिळत नाही असं कुणी म्हणू नये. मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे, खेडला आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. सोलापुरातल्या कोरडवाहू संशोधन केंद्राने तर रब्बी ज्वारीवर आणि ओलावा साठवण्यावर कित्येक दशकं काम केलंय. अडतं ते शेवटच्या टप्प्यावर. शिफारस गावात पोचते, पण ती आपल्या रानात, आपल्या मुरमावर लागू पडते का हे कुणी मोजून बघत नाही. चौदा ते वीस वयाची पोरंपोरी हे मोजण्याचं काम फार चांगलं करतात, आणि त्यांच्या हातून झालेलं घरचे लोक खरं मानतात.

ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीत १९०२ साली शाळकरी मुलांचे शेती गट सुरू झाले, त्यातूनच पुढे फोर-एच चळवळ उभी राहिली. मोठी माणसं नवं बियाणं घ्यायला कचरायची, मुलं मात्र लहानशा तुकड्यात लावून बघायची, आणि शेजारी उभं पीक दिसलं की बापाचं मत बदलायचं. आपल्याकडे कृषी खातं आणि आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) ज्या शेतीशाळा घेतात, त्या पद्धतीची सुरुवात १९८९ साली इंडोनेशियात भातशेतीत झाली. पिकाच्या बांधावरच भरायचं, स्वतः मोजायचं, काढलेलं चित्र सगळ्यांसमोर मांडायचं आणि निर्णय गटाने घ्यायचा. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की आपल्याला हवा तो गट तयार होतो.

गट पंधरा-वीस जणांचा पुरे. पाच-पाच जणांच्या तुकड्या कराव्यात आणि प्रत्येकीत किमान दोन मुली असाव्यात. वार ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस टाळावा. कार्तिकीच्या आठवड्यात पंढरपूर, मोहोळ, माढा या भागात कुणी भेटत नाही, तेव्हा त्या आठवड्याची मोजणी आधीच मागेपुढे करून ठेवावी. मुलींना संध्याकाळी पाठवत नाहीत, म्हणून रविवारी सकाळी आठ ते दहा ही वेळ बरी. फवारणी, औषध कालवणं, औषध लावलेलं बी हाताळणं ही कामं अठराच्या आतल्यांना अजिबात द्यायची नाहीत. हा नियम पहिल्याच दिवशी पालकांसमोर सांगावा.

प्रयोगाचं रान निवडताना सगळ्यात जास्त चुका होतात. डांबरी रस्त्याकडेचं, विहिरीच्या पाण्याचं, गावातल्या वजनदार माणसाचं रान घेतलं जातं, कारण तिथे फलक दिसतो. मग कोरडवाहूवाला म्हणतो, त्यांना पाणी आहे, त्यांचं काय! रान जिरायतीच हवं आणि गावातल्या बहुतेकांच्या जमिनीसारखं हवं. पाच-पाच गुंठ्यांचे दोन पट्टे शेजारी-शेजारी घ्यावेत आणि दोन्ही उताराच्या दिशेने लांब ठेवावेत. एक पट्टा वर आणि दुसरा खाली घेतला, तर वरच्याचं वाहून आलेलं पाणी खालच्यात मुरतं आणि तुलना तिथेच संपते. दोन्ही पट्ट्यांत पहारीने चार ठिकाणी खोदून मुरूम किती खोल लागतो ते पाहावं. दोन्हींची खोली जवळपास सारखी नसेल तर जागा बदलावी. आणि दोन पट्ट्यांत फरक एकाच गोष्टीचा ठेवावा. वाण बदलला, खत बदललं आणि वाफेही केले, तर फेब्रुवारीत कुणालाच सांगता येत नाही की वाढ कशाने झाली.

पहिल्या वर्षी माझं मत विचाराल तर तो एक फरक बंदिस्त वाफ्यांचाच असावा. आपल्या जिल्ह्यात रब्बीची ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर येते. वरून पाणी मिळालं तर मिळालं. मृगात पहिली कुळवाची पाळी झाली की जुलैच्या सुरुवातीला एका पट्ट्यात सारायंत्राने किंवा बळीराम नांगराने आडवे-उभे वरंबे घालून चार ते सहा मीटरचे चौकोनी वाफे करावेत. वरंब्याची उंची वीतभर असली की पुरे. दुसरा पट्टा नेहमीसारखा मोकळा ठेवावा. आता यात हमखास काय बिघडतं ते पाहा. आडवा वरंबा घालताना औत उभ्या वरंब्यावरून जातं आणि चौकोनाचे कोपरे फुटतात. दिसायला वाफे झालेले असतात, पण पहिल्या मोठ्या पावसात पाणी कोपऱ्याकोपऱ्यातून पुढच्या वाफ्यात आणि शेवटी बांधाबाहेर जातं, जाताना मातीही नेतं. म्हणून औत निघाल्यावर गटाने खोऱ्याने प्रत्येक कोपरा ओढून दाबून घ्यायचा, आणि मोठा पाऊस झाल्यावर लगेच फिरून फुटलेले कोपरे लिहून दुरुस्त करायचे. पाच गुंठ्यांना तासाभराचं काम आहे, पण सगळा प्रयोग याच तासावर उभा आहे. पेरणीआधी वाफसा आला की वाफे कुळवाने मोडून रान सपाट करावं.

वाफ्यांबरोबर पर्जन्यमापक हवाच. महसूल मंडळाच्या पावसाचा आकडा दहा-पंधरा किलोमीटरवरचा असू शकतो, आणि एका शिवारात पडलेला पाऊस शेजारच्या शिवारात पडेलच असं इथे होत नाही. मापक घरी करता येतो, पण बाटलीवर पट्टी चिकटवून उंची वाचू नये. बाटलीचा तळ आणि तोंड सारख्या रुंदीचे नसतात, मग आकडा खोटा येतो. त्यापेक्षा १० सेंटिमीटर व्यासाचं तोंड असलेलं नरसाळं घट्ट बाटलीत बसवावं आणि साठलेलं पाणी खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणाऱ्या मापाने मोजावं. या व्यासाला ७.८५ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. मापक झाडापासून आणि भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब ठेवावा, आणि रोज सकाळी साडेआठला वाचून पाणी ओतून द्यावं. हवामान खात्याची वेळही हीच आहे, त्यामुळे मंडळाच्या आकड्याशी ताडून बघता येतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे ४,०४७ लिटर पाणी, हा हिशेब पोरांना फळ्यावर एकदा करू द्यावा. वीस मिलिमीटरच्या पावसात एकरावर किती पाणी आलं आणि मोकळ्या पट्ट्यातून किती वाहून गेलं असेल, हे मग ते स्वतःच विचारायला लागतात.

मातीचा नमुना मेमध्येच घ्यावा. नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, आतली माती फेकायची आणि खड्ड्याच्या बाजूची बोटभर जाडीची खाप वरून खालपर्यंत काढायची. सगळी माती घमेल्यात मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची आणि सावलीत वाळवायची. बांध, झाडाखालची जागा आणि जनावरं बसायची जागा टाळावी. खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना भरणं तर गावोगाव चालतं. त्या अहवालाचा काडीचा उपयोग नाही. स्वच्छ कापडी पिशवी घ्यावी आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहावी, कारण ओलीने शाई पसरते.

पहारीने मोजलेली खोली वाण निवडायलाही उपयोगी पडते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे हलक्या, फूटभर खोलीच्या जमिनीत फुले अनुराधा किंवा फुले माऊली घ्यावी. दोन फुटांपर्यंतच्या मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, फुले चित्रा किंवा जुनी मालदांडी ३५-१ चालते, आणि त्याहून खोल काळ्या रानात फुले वसुधा किंवा फुले यशोदा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातला वाण माळरानावर आणून मग वाणाला नावं ठेवणं हे नेहमीचं आहे.

घरचं बी असेल तर उगवण तपासल्याशिवाय पेरू नये. न निवडता घेतलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि पाणी फक्त शिंपडायचं. चार-पाच दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. ७५ च्या वर आले तर बिनधास्त पेरा, साठ-पासष्ट आले तर बियाणं त्या प्रमाणात वाढवा, आणि त्याखाली असेल तर बी बदला. गोणपाट खताचं किंवा मिठाचं असेल तर चांगलं बीही मरतं. पाणी जास्त झालं तर बुरशी येते, मग दोष बियाण्यावर जातो.

पेरणीला १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ. एकरी चार किलो बी, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन रोपांत १५ सेंटिमीटर. असं धरलं की एकरी साठ हजार झाडं बसतात. काणी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधक चोळावं, खोडमाशीसाठी शिफारस केलेलं औषध वेष्टनावरच्या मात्रेने मोठ्या माणसाने हातमोजे घालून लावावं. जिवाणू खतं, ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं, किलोला प्रत्येकी २५ ग्रॅम, सगळ्यात शेवटी लावून बी सावलीत सुकवायचं. क्रम उलटा केला किंवा बी उन्हात ठेवलं तर जिवाणू जगत नाहीत.

उगवून दहा-बारा दिवसांनी विरळणी. इथे घरचे अडवतात. उभं रोप उपटणं जीवावर येतं हे खरं, पण कोरड्या रानात दाट ज्वारी फुलोऱ्याच्या आत ओल संपवते आणि कणसं पोचट राहतात. विरळताना आधी पोंगा वाळलेली रोपं काढावीत.

तो वाळलेला पोंगा म्हणजे खोडमाशीचं काम. मधलं पान सुकतं, धरून ओढलं की सहज हातात येतं आणि त्याच्या टोकाला कुजका वास येतो. उगवणीनंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात त्याची मोजणी करावी. मोजताना नजर आपोआप वाळलेल्या रोपाकडे जाते आणि आकडा फुगतो. म्हणून दहा पावलं चालायचं, उजव्या पायाच्या अंगठ्यासमोरच्या ओळीतली सलग दहा रोपं मोजायची, की पुन्हा दहा पावलं. अशा दहा जागा झाल्या की १०० रोपं होतात, आणि वाळलेल्यांची संख्या हीच टक्केवारी. दहाच्या आत असेल तर फवारणीची गरज नाही. दहाच्या वर गेली तर गटाने सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहाय्यक) गाठावं. उशिरा पेरलेल्या रानात ही संख्या जास्त दिसते. शेजारच्या उशिराच्या रानातही अशीच मोजणी करून दोन आकडे शेजारी लिहिले की पेरणीच्या तारखेवर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

कोळपण्या तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची दातेरी कोळप्याने करावी, कारण तोवर काळं रान भेगाळतं आणि ओल भेगांतून उडून जाते. दातेरी कोळप्याने माती मोकळी होऊन भेगा बुजतात. दर पंधरवड्याला प्रत्येक तुकडीने मोठ्या कागदावर झाडाचं चित्र काढावं, एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला ढालकिडा, कोळी असे मित्र, खाली पाऊस आणि ओल. मग पाच मिनिटांत मांडावं. पाहुण्यांची भाषणं या वेळेत नकोत.

डाळिंबाच्या पट्ट्यात, म्हणजे सांगोला-पंढरपूरकडे, गटाला बागेत न्यायचं असेल तर एक पथ्य कडक पाळावं : तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूजन्य करपा) असलेल्या बागेतून त्याच दिवशी निरोगी बागेत जायचं नाही आणि ओल्या झाडांत शिरायचं नाही. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. पुढच्या प्रश्नांसाठी केगावच्या केंद्रात जावं.

ज्यांच्या घरी जमीन नाही अशी पोरंही गटात हवीत. त्यांच्याकडे उस्मानाबादी शेळी असते. करडू जन्मल्यावर तासाच्या आत चीक पाजायचा, दर रविवारी झोळीत घालून ताणकाट्याने वजन घ्यायचं आणि त्याचा आलेख काढायचा. वजन सलग दोन आठवडे अडलं तर जंत किंवा अपुरं दूध, तेव्हा लेंडी तपासायला जनावरांच्या दवाखान्यात न्यावी. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाच्या लसीची तारीखही त्याच वहीत हवी.

आता काढणी. दोन्ही पट्ट्यांतून हुरड्याची कणसं खुडायची नाहीत, असं जानेवारीच्या आधीच घरी-शेजारी सांगून ठेवावं. नाहीतर कडेची चांगली कणसं आगटीत जातात आणि आकडा कमी येतो. काढणीच्या दिवशी चिठ्ठी टाकून लांबी-रुंदीची पावलं ठरवावीत, कडेच्या दोन-दोन ओळी सोडाव्यात, आणि पाच बाय पाच मीटरचा चौकोन दोरीने आखावा. कर्णही मोजावा, तो ७.०७ मीटर भरला तरच चौकोन काटकोनात आहे. कणसं वाळवून मळून दाणे तोलावेत. हा चौकोन २५ चौरस मीटरचा आणि एकर ४,०४७ चौरस मीटरचा, त्यामुळे वजनाला १६२ ने गुणलं की एकरी उत्पादन मिळतं. सहा किलो भरले तर एकरी ९७२ किलो. शंभर ग्रॅमची चूक एकरी सोळा किलोची होते, म्हणून काटा आधी एक किलोच्या मापाने तपासून घ्यावा. प्रत्येक पट्ट्यात असे तीन चौकोन घेऊन सरासरी काढावी. आणि कडबा तोलल्याशिवाय हिशेब मांडू नये. आपल्याकडे दुष्काळी साली दाण्याइतकाच पैसा कडब्याचा होतो, आणि ज्या वाणाचा कडबा जनावरं खात नाहीत तो वाण गावात टिकत नाही.

सगळे आकडे एका मोठ्या कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावेत, फरक पडला नसेल तरी. त्याची एक प्रत घेऊन मेमध्येच सहायक कृषी अधिकाऱ्याकडे आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जावं. पुढच्या हंगामाची शेतीशाळांची गावं आणि प्रात्यक्षिकं जूनच्या घाईआधी ठरतात, आणि वर्षभराची वही हातात असलेल्या गटाशी तिथे वेगळं बोलणं होतं.