आमची वाटचाल : आकडे ठेवा, पाणी दाखवा

कोल्हापूरच्या उद्यमनगरमध्ये एका वर्कशॉपच्या वरच्या खोलीत आमची फर्म सुरू झाली, काम एकच, पंप आणि व्हॉल्व्हमधल्या पाण्याचं सिम्युलेशन, म्हणजे पाणी आत कसं वाहतं ते कॉम्प्युटरवर काढून द्यायचं. प्रवाहाचं गणित करणारं ओपनफोम 2004 पासून ओपन सोर्स आहे, त्याचं चित्र दाखवणारं पॅराव्ह्यू पण फुकट, म्हणून महागड्या लायसन्सशिवाय निभावलं, आधीच सांगतो कारण भेटेल तो पहिलं सॉफ्टवेअरच्या खर्चाचंच विचारतो.

रिपोर्ट जाडजूड द्यायचो, सगळी कोष्टकं आणि आलेख. एका पंपवाल्या मालकांनी पानं उलटली अन् म्हणाले, "साहेब, ह्यातलं मला काय कळंना बघा, पाणी कुठं अडतंय तेवढं दाखवा की." धंद्याला खरं वळण लागलं ते तिथनं.

पण थ्रीडीत पाणी दाखवणं म्हणजे डोक्याला ताप. सगळीकडं बाण काढले तर पुढचे मागच्यांना झाकतात, आणि स्ट्रीमलाइन, म्हणजे पाण्याची वाट दाखवणाऱ्या रेषा, भरमसाट सोडल्या की स्क्रीनवर नुसता शेवयांचा गुंता. मग सक्शनच्या तोंडावर, जिथनं पाणी पंपात शिरतं तिथं, मोजक्याच जागांवरनं रेषा सोडायच्या, केसिंग म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच पारदर्शक करायचं, एखादा काप घ्यायचा, असं करत बसलो. इंपेलरची, म्हणजे पंपातल्या ब्लेडवाल्या चाकाची गंमत तर वेगळीच, तो स्वतः फिरतोय त्यामुळं बाहेरनं मोजलेला वेग दाखवला की पाणी नुसतं गरागरा फिरताना दिसतं आणि सगळं बरोबरच वाटतं, पण ब्लेडच्या हिशोबानं सापेक्ष वेग लावला की पाणी ब्लेड सोडून उलटं वळतंय ती जागा लगेच सापडते. ते बघून त्या मालकांनी खुर्ची पुढं ओढली, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि तिथनंच साच्यासाठी पॅटर्न बनवणाऱ्याला फोन लावला.

पुढं शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या आल्या. तिथं बघायचं असतं ते साचा भरताना मेटल कसं चढतंय. साच्यातल्या जागेचे बारीक चौकोन, म्हणजे सेल पाडून प्रत्येक सेलमध्ये मेटल किती, हवा किती हे सॉफ्टवेअर काढतं, जिथं निम्मं-निम्मं तो मेटलचा पृष्ठभाग धरायचा. गेटमधला, म्हणजे मेटल साच्यात शिरतं त्या तोंडातला वेग सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरच्या वर गेला की हा पृष्ठभाग उसळून स्वतःवरच दुमडतो, हवा आणि ऑक्साइड आत अडकतात, रिजेक्शन तिथनंच सुरू. वेग दाखवायला वापरतात ते इंद्रधनुष्यी रंग आम्ही बंदच करून टाकले, पिवळ्या पट्ट्यापाशी वेग फार बदललेला नसतो तरी डोळ्याला तिथं हद्द दिसते आणि फोरमन त्या पट्ट्यावरच वाद घालत बसतात.

2019 च्या महापुरानंतर पंचगंगेचं पण थ्रीडी करा म्हणून लोक आले, नको म्हटलं. नदीच्या पुराला बहुतेक वेळा टूडी मॉडेल पुरतं, उगीच कुणाचे पैसे कशाला घालवायचे.

आता ॲनिमेशन थेट व्हॉट्सॲपवर जातं, शॉप फ्लोअरवर सगळे मोबाईल घेऊन बघतात. फक्त कोटेशनची वेळ आली की "रिपोर्टचे लावा, व्हिडिओ तेवढा वर फुकट टाका" म्हणतात, म्हणून यंदापासनं व्हिडिओचा रेट वेगळ्या ओळीत लिहितोय.