सारख्या कॅरेटच्या दोन हिऱ्यांची किंमत वेगळी का?

दोन गोल हिरे. दोन्ही एक कॅरेट वजनाचे, रंग आणि शुद्धतेची श्रेणीही एकच. तरी एक महाग, दुसरा स्वस्त. असं का, हे तुम्ही विचारलंत. बहुतेक वेळा उत्तर कटमध्ये सापडतं, म्हणजे पैलू कोणत्या कोनात पाडलेत त्यात.

हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाशाला किती वाकवतो याचं माप, 2.42 आहे. त्यामुळे आतला किरण पैलूवर लंबापासून साधारण 24.4 अंशांहून जास्त तिरका पडला, तर तो बाहेर न जाता आतच उलटतो. वरून शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर असा दोनदा उलटून पुन्हा वरूनच बाहेर पडायला हवा. बेल्जियन अभियंता मार्सेल टोल्कोव्स्की यांनी 1919 मध्ये यासाठी मांडलेले कोन असे: खालचा, म्हणजे पॅव्हिलियनचा, 40.75 अंश आणि वरचा, क्राऊनचा, 34.5. चांगले गोल हिरे आजही याच्याच आसपास असतात.

खालच्या कोनाला फारशी सूट नाही. तो 39च्या खाली गेला आणि टेबल, म्हणजे वरचा सपाट पैलू, मोठं असलं, की टेबलाच्या आत गर्डलचं, म्हणजे हिऱ्याच्या सर्वांत रुंद कडेचं, राखाडी कडं दिसतं. 43च्या पुढे मधोमध काळा डाग. वरचा कोन थोडा चढा असेल तर खालचा किंचित उथळ असलेला चालतो. दोन्ही चढे झाले की प्रकाश खालून गळतो. प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावरच्या 'एक्सलंट' या शेऱ्यात बऱ्याच जोड्या बसतात, म्हणून शेरा नव्हे, कोन वाचा. अंडाकृती, चौकोनी हिऱ्यांवरचं 'एक्सलंट' तर बहुतेकदा फक्त पॉलिश आणि सममितीचं असतं.

मग कारागीर मुद्दाम वाईट कट का करतो? वजनासाठी. गोल हिरा घडवताना कच्च्या खड्याचं निम्मं किंवा त्याहूनही जास्त वजन जातं, आणि एक कॅरेट पूर्ण भरला की प्रतिकॅरेट भाव उडी मारतो. त्यामुळे जाड गर्डल आणि खोल पोटात वजन राखलं जातं. नीट घडवलेला एक कॅरेट सुमारे 6.4 ते 6.5 मिलिमीटर रुंद भरतो. असा पोटाळलेला 6.2च भरला, तर तुम्ही पैसे एका कॅरेटचे देता आणि दिसतो तो नव्वद सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग). त्यापेक्षा 95 सेंटचा नीट कट मी केव्हाही घेईन: तो 6.3 मिलिमीटरचा दिसतो, शिवाय स्वस्त पडतो. उलट गर्डल फारच पातळ असेल तर जडवताना कड उडते.

दुकानातल्या स्पॉटलाइटखाली कसलाही हिरा चमकतो. खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी तो हलवून बघा. कट चांगला असेल तर तिथेही उजळ-काळोखाची उघडझाप दिसते. आणि घरचा हिरा मंद वाटला तर कटला दोष देण्याआधी मागची बाजू मऊ ब्रशने साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. मागे तेलाचा थर बसला की तो 24.4 अंशांचा हिशेब बिघडतो आणि उत्तम कटमधूनही प्रकाश गळू लागतो.