तुम्ही विचारलंत म्हणून : पाट्याचा सुरा आणि त्याचं पाणी

ट्रेकला सॅक उघडली की सोबतचं कुणीतरी विचारतंच, "हा सुरा कुठून घेतलात?" ट्रकच्या भंगारातल्या पाट्याचा (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) आहे, घरीच बनवलाय असं सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग मलाही जमेल का?" त्याचं उत्तर चढणीवर चालता चालता देण्यासारखं नाही, म्हणून आज बैठक मारून लिहितो.

जमेल. पण लोखंडाला सुऱ्याचा आकार दिला की सुरा झाला, असं मानून सुरुवात केलीत तर माझ्या पहिल्या सुऱ्याचं झालं तेच होईल. दिसायला तो फार देखणा होता. दोन रविवार कानस चालवून घडवला, शेगडीत लालभडक केला आणि बादलीभर गार पाण्यात बुडवला. पाण्यातूनच 'टिक' असा बारीक आवाज आला. पुसून पाहिला तर धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर गेली होती. दोन आठवड्यांची मेहनत एका क्षणात गेली, आणि का गेली हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं.

ते मला आठवडी बाजारात कळलं. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला घिसाड्यांची पालं पडतात. जमिनीत रोवलेली ऐरण, शेजारी भाता, आणि समोर विळे-कोयते-कुऱ्हाडी शेवटून, म्हणजे ठोकून धार काढून घ्यायला बसलेले शेतकरी. त्यातल्या एका पालावरचे घिसाडी मामा सांडशीत लोखंड धरतात आणि हातातल्या छोट्या हातोडीनं घाव कुठं पडायला हवा ते टिचकी मारून दाखवतात. मावशी नेमक्या त्याच जागी घण घालतात. दोघांत एक शब्द बोलणं होत नाही. चिरलेला सुरा त्यांच्यापुढं ठेवला तेव्हा मामांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "दादा, माल चांगलाय. पाणी चुकलं."

सगळा खेळ या पाण्याचा, म्हणजे लाल पातं बुडवून कडक करण्याचा आहे. मामांनी लाल कोयत्याची फक्त धार, तीही जेमतेम बोटभर, पाण्याला टेकवली. पाठ लालच ठेवली. मग विटेच्या तुकड्यानं धारेजवळची काजळी घासली आणि मला जवळ बोलावलं. उघड्या पडलेल्या चकचकीत पट्टीवर पाठीकडून रंग सरकत येत होता. आधी फिकट गवती पिवळा, त्यामागून तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा धारेला पोचला रे पोचला की त्यांनी कोयता पाण्यात घातला. निळा धारेपर्यंत आला असता तर धार मऊ पडली असती. रंग यायच्या आधीच गार केला असता तर ती काचेसारखी तडकली असती. पोलादाला किती वेळ पाणी दाखवायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. तो हात माझ्याकडे नाही, म्हणून मी तेल वापरतो. तेल पाण्यापेक्षा सावकाश थंड करतं, त्यामुळे पातं चिरण्याची भीती खूप कमी होते.

आता माल कुठला घ्यायचा? बांधकामाच्या सळईचा सुरा होतो का, हे हमखास विचारलं जातं. नाही होत. तिच्यात कार्बन जेमतेम पाव टक्का असतो, कितीही तापवून बुडवली तरी ती धार धरण्याइतकी कडक होत नाही. ट्रकच्या पाट्यात तो साधारण अर्धा ते ०.६ टक्के असतो. पाटा कडकही होतो आणि घाव सोसून पुन्हा सरळही होतो. जुन्या कानशीत १ टक्क्याच्या वर असतो. तिची धार उत्तम टिकते, पण लाकूड फोडताना ती मोडू शकते. भंगारात मालाची खात्री नसेल तर ग्राइंडरला टेकवून ठिणग्या बघा. सळईच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात. कार्बन जास्त असेल तर त्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटतात. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नका. तो धूर छातीत जातो, थंडीताप भरतो. पाट्याचा तुकडा मधल्या बोल्टच्या भोकापासून लांबचा घ्या, कारण आयुष्यभर ओझं वाहिलेल्या पाट्याला भोकाजवळ न दिसणाऱ्या चिरा असतात.

तुकडा लाल करून रात्रभर राखेत पुरला की करवतीनं कापण्याइतका मऊ होतो. आकार, मुठीची भोकं, सगळं याच वेळी उरकायचं. धार मात्र या टप्प्याला काढायची नाही, मिलिमीटरभर जाड ठेवायची. पातळ धार तेलात वाकते. मग तीनदा लाल करून उघड्या हवेत निववायचं, म्हणजे घडणीतला ताण निघून जातो.

पाणी देण्याचं काम दिवेलागणीला करा. हे मामांनी बजावलं होतं, "उन्हात रंग कळत न्हाई." नवख्यानं सोबत लोहचुंबक ठेवावं. लोखंड साधारण ७७० अंशांच्या वर गेलं की चुंबक त्याला चिकटत नाही. तिथून थोडं पुढं, लाल नारिंगीकडे झुकला की टोकाकडून सरळ तेलात. आडवं हलवू नका, पातं वाकडं होतं. मी पत्र्याच्या उंच डब्यात तीन लिटर शेंगतेल कोमट करून घेतो. झाकण हाताशी ठेवतो, कारण तेल पेटतं. गार झाल्यावर धारेवरून कानस फिरवा. ती काचेवरून घसरावी तशी घसरली तर काम झालं. पण असं पातं त्या वेळी फार ठिसूळ असतं, हातातून फरशीवर पडलं तरी तुटू शकतं. म्हणून त्याच रात्री ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवतो. मामांच्या धारेवर दिसलेला तोच गवती पिवळा रंग सकाळी पात्यावर असतो.

सुरा लागतो कशाला, हेही विचारतात. मुख्यतः कांदा चिरायला आणि दोर कापायला. एकदा भर पावसात हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत एका घरी चुलीला सुकं लाकूडच नव्हतं. ओला ओंडका सुऱ्यानं उभा फोडत गेलो तर आतला गाभा कोरडा निघाला, त्याच्या ढलप्यांवर चूल पेटली. जंगलातल्या उभ्या झाडाला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. पातंही मी सहा इंचांवर नेत नाही. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा वेगळा विचार होतो. शेती-घरकामाची अवजारं त्यात येत नाहीत, पण बसमध्ये ते कुणाला समजावत बसणार?

तयार सुरा घेऊन मी पुन्हा बाजारात गेलो. मामांनी टोक ऐरणीला टेकवून पातं वाकवलं, सोडलं, ते सरळ झालं. नखावर धार फिरवली. "पानी बसलंय," म्हणाले आणि मावशींकडे दिला. मावशींनी मूठ आवळली आणि मान हलवली. "गोल केलीया. वल्ल्या हातात फिरंल." सागाची ती गुळगुळीत मूठ मी घरी येऊन काढून टाकली. आता आहे ती बाभळीची, अंडाकृती.